ताप उतरला म्हणून रोवणीला निघाल्या

मंडळी, दुपारपासून हातातला फोन खाली ठेववत नाहीये.

मी कुरखेड्याकडच्या एका गावात रक्त तपासतो. चार दिवसांपूर्वी शेजारच्या सुमनबाई तापानं फणफणत आल्या. आमच्या जंगलभागात ताप म्हणजे मलेरिया. पट्टीवर तपासलं, निगेटिव्ह आलं. मी म्हटलं, "मलेरिया नाई, बाई. जा घरी."

आज त्या स्वतःच सांगायला आल्या. "भाऊ, ताप उतरला. उद्या धानाच्या रोवणीले जातो."

बोलता बोलता पोट धरून पायरीवर बसल्या. दंडावर बारीक लाल ठिपके दिसले.

"हे काय होय, बाई?"

"चिखलानं खाजवलं असन."

"चार दिवस तुम्ही चिखलात गेल्याच कुठी?"

लगेच रक्त घेतलं. डेंग्यू पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स तीस हजारांच्याही खाली. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे मला पाठ होतं! अ‍ॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन गडचिरोलीला गेली. अजून काही निरोप नाही.

तुमच्याकडे कोणी असंच ताप उतरला म्हणून उद्या कामावर निघालंय का? आजच विचारा.

पट्टीनं फक्त "मलेरिया नाही" एवढंच सांगितलं होतं. "जा घरी" हे मी माझ्या मनानं जोडलं.