वाळूच्या दांड्यावरची बाई

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. माहेर माझं तेरचं, आणि आमच्या आप्पांनी देवऋषी कधी उंबऱ्याच्या आत घेतला नाही. म्हणूनच हे लिहिताना अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझं लग्न नवीन, सासर बेंबळीचं. मोठे दीर रत्नागिरीकडं एका बंदरावर नोकरीला होते. त्यांनी बोलावलं म्हणून सासूबाई – आत्याबाई म्हणायची मी त्यांना – हे आणि मी, अशी तिघं एस.टी. बदलत बदलत गेलो. समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नव्हता.

भाऊजींनी होडी ठरवली. सोबत त्यांचे साहेब आणि साहेबांच्या बाई. सकाळी पाण्यातला किल्ला पाहिला, मग जुना दीपस्तंभ. दुपारी पक्षी बघायला निघालो. तिथं खाडी आणि समुद्राच्या मधे वाळूचा लांबच लांब दांडा आहे. भरतीला त्याचं टोक बुडतं, ओहोटीला उघडं पडतं. त्यावर कुरव पक्षी इतके बसले होते की वाळू पांढरीफेक दिसत होती.

आणि अगदी टोकावर मला एक बाई दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. दोन्ही हात वर करून आम्हाला बोलावत होती. पक्षी तिच्या पायाशी... पण एकही उडत नव्हता.

मी उठून उभीच राहिले. "अहो, ती बाई अडकलीय! होडी वळवा!"

"कुठं?" हे म्हणाले.

"ती काय! हात करतीय की!"

होडीवाला म्हणाला, "ताई, तिथं कोण नाय. ती वाळू आत्ताच पाण्यातनं वर आली."

आत्याबाईंनी माझा पदर ओढला. "खाली बस! चारचौघांत असं वरडतेत व्हय?"

पण मला राहवेना. मी रडायलाच लागले. शेवटी साहेबांच्या बाईंना दया आली, त्यांनी होडी वळवायला लावली – आणि वळता वळता ती गाळात रुतली.

पाणी उतरत होतं. भाऊजी आणि साहेब मांडीभर चिखलात उतरून ढकलत होते. साहेबांचा एक बूट गाळातच राहिला. हे तेवढे दांड्यावर गेले, तसा पक्ष्यांचा थवा भर्रकन उठला. परत आले ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोणीच न्हाय." आणि होडीला खांदा लावला.

भरती यायला संध्याकाळ झाली. तोवर सगळे तसेच बसून. आत्याबाई हळू बोलल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "पोरीला असं होतं, हे तिच्या बापानं आधी सांगाया पाहिजे होतं."

बेंबळीला परतल्यावर आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा हात जोडून उभे. "लेकरू हाय, पदरात घ्या." त्यांच्यादेखत देवऋषीनं माझ्यावरून लिंबू उतरवलं. मी मान वर केली नाही. आप्पा चहाही न घेता निघून गेले, आणि पुढं आमच्या घरी फारसे आलेच नाहीत.

कितीतरी वर्षांनी... पोरं शाळेत जायला लागली होती. रानात भुईमूग उपटताना हे एकदम म्हणाले, "तिथं पावलं होती."

"कुठं?"

"त्या वाळूवर. दोनच. बाईची, अनवाणी, आपल्या होडीकडं तोंड करून. येतानाची न्हाईत, जातानाची न्हाईत... मधीच. त्यात पाणी भरत होतं."

माझे हात तिथंच थांबले. "मग तवाच का न्हाय सांगितलं?"

लई वेळ ते शेंगांची माती झाडत राहिले. "साहेब होते. मला बी येडा म्हणले असते. लाज वाटली."

उन्हाचा भास, पाण्याचा खेळ – ही गोष्ट ऐकलेल्यांनी नाना कारणं सांगून पाहिली. त्या दोन पावलांपाशी त्यातलं एकही टिकत नाही. मी काय पाहिलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

त्या दिवशी रानात मी ह्यांना एवढंच म्हणाले, "आप्पांच्या कानावर तरी घालायचं होतं तुमी."

आप्पांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.