शुद्ध झोप

नम्रताचा पाय दिवसभर एका जागी ठरत नसे. राजापूरजवळच्या त्या घरात कढीला फोडणी देतानाही ती दोनदा पडवीत डोकावून यायची. कारण संस्कृती. सात वर्षांची पोर, स्वमग्न. बोलत नाही, आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. गणपतीत तर एकदा सगळे निजलेले असताना उठून गेली, ती विहिरीच्या काठावर सापडली. तेव्हापासून बोटीवर नोकरीला असलेल्या दीपकने एकच धोशा लावला होता: मे महिन्यात घरी आलो की पोरीला पुण्याच्या वसतिगृहात ठेवू. ते नाव निघालं की नम्रता विषय बदलायची.

म्हणून हा ऑनलाइन खटाटोप. अशा मुलांच्या झोपेचं बघणाऱ्या पुण्याच्या एक मॅडम दर बुधवारी फोनवर दिसायच्या. संध्याकाळी मोबाइल बंद, दिवे मंद, कोमट पाण्याने अंघोळ, आणि शेवटी रोज तोच एक शब्द. "घरी कोणता शब्द वापरता?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. घरात सगळे 'नीज' म्हणत. पण पुण्याच्या बाईसमोर तसं कसं बोलायचं? नम्रता ऐटीत म्हणाली, "झोप."

बाकी सगळं बरहुकूम व्हायचं. पोर शहाण्यासारखी अंथरुणावर यायची. नम्रता म्हणायची, "संस्कृती, आता झोप," की ही ताडकन उठून पडवीत! मग झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत राहायच्या आणि इकडे नम्रताच्या जिवाची घालमेल.

"तिला काय एक कळत नाय," सासूबाई यमुनाबाई म्हणायच्या. "ती फोनातली बाय काय निजवणार तिला?"

त्या बुधवारी भर दुपारी नम्रता घरापुढच्या खळ्यात रेंज धरून बसली. तक्रारींचा पाढाच वाचायचा होता तिला. संस्कृती शेजारी मातीत बोटं फिरवत होती. मॅडम लाडाने म्हणाल्या, "काय संस्कृती, झोप आवडते का?"

पोर उठली, धावली आणि थेट झोपाळ्यावर जाऊन बसली. वर टाळ्या वाजवू लागली.

नम्रताला एकदम उमगलं. पोरीला झोप म्हणजे झोपाळा! आई रोज सांगते म्हणून बिचारी इमानाने जाऊन बसत होती. कळत नव्हतं ते आईलाच. लाजेने तिचे कान तापले आणि त्या लाजेतच तिला हसू फुटलं.

"मॅडम, आमच्यात नीज म्हणतात हो," ती घाईघाईने बोलून गेली.

संध्याकाळी अंथरुणाशी बसून तिने पोरीच्या अंगावर गोधडी ओढली. "नीज गो बाय."

संस्कृतीने पडवीकडे पाहिलं. पाय झाडले. कूस बदलली, परत बदलली. हळूहळू पाय थांबले.

तेवढ्यात बोटीवरून दीपकचा फोन आला. "झोपली?"

"झोपली नाय," नम्रता डोळे पुसत म्हणाली.

पलीकडे उसासा. "मी म्हटलं ना, वसतिगृहच..."

"अहो, ऐका तरी. निजली ती."