मामांची मूठ

पंगती उठतात, भांडी घासून होतात, पण स्वयंपाकावरचे किस्से काही संपत नाहीत! त्यात आमचे मामा आचारी. मावळात कुठंही लग्न असो, चुलाणापाशी मामा, चपात्यांना मामी आणि कंपनीला सुट्टी असली की पळापळीला मी. मामा मीठ कधी मापानं घालत नसत, उजव्या मुठीनं घालायचे. ती मूठ चुकल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

*

मामांना बीपी निघालं तेव्हा तळेगावचे डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी खा, नाहीतर एक दिवस लकवा मारेल."

"खातो कुटं? निस्तं चाखतो!"

हे चाखणं म्हणजे प्रत्येक पातेल्यातली वाटीभर आमटी!

*

गोळ्यांनी बीपी नॉर्मल आलं. मामांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. मी चिडलो, तर मलाच विचारतात, "पवून विहिरीच्या वर आल्याव कोन टायर कंबरंला ठेवतं का?"

तेव्हापासून मामीचा फोन आला की मी पहिल्या रिंगलाच उचलायचो.

*

मामीनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तर चतुर्थी आडवी आली.

"उपासाला गोळी चालत न्हाई!"

"आन् ह्यो खारा चिवडा चालतोय व्हय?"

"बटाट्याचा हाय!"

*

चालायचा व्यायाम म्हणून घोरावाडी स्टेशनपर्यंत पिटाळलं. परत आले ते कुणाच्या तरी स्कूटरवर बसून.

"मामा, चाललात का?"

"बारशाची आर्डर मिळाली!"

*

मग घरात सगळं अळणी सुरू झालं. मामा मुकाट जेवायला लागले. मला हायसं वाटलं, मामीला मात्र चैन पडेना. शर्ट धुताना खिशात मिठाची पुडी सापडली.

"ती धंद्याची हाय," मामा म्हणाले.

*

परवा टाकव्याला लग्न होतं. पहिली पंगत बसली आणि ओरडा झाला, "आमटी लय खारट!"

कुणीतरी म्हणालं, "आचारी, समिंदर वाढला का काय?" पंगत खो-खो हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

मामी पोळपाट सोडून आली. आमटीचा एक घोट घेतला.

"अवो, मीठ किती टाकलं?"

"हाताला मुंग्या आल्यात सकाळधरनं. किती धरलंय तेच कळंना, म्हून आनिक एक मूठ टाकली."

"परत धरून दावा."

मामांनी मीठ उचललं. बोटं मिटेनात. मीठ भुईवर सांडत राहिलं.

"गाडी काढ," मामी मला म्हणाली.

"मामी, अगं पंगत बसलीय!"

"बसू दे. ह्यांची मूठ चुकलीय. तू गाडी काढ आदी!"