आठ किलोंची अट

डॉक्टर कमी बोलत. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. मुलगा दूरदेशी कायमचा राहिलेला. मग डॉक्टरांनी राहत्या घराचा खालचा मजला रिकामा केला आणि तिथे सोनोग्राफीचं यंत्र मांडलं. ज्या पोरांच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे आणि ज्यांच्या आईबापांना ऑपरेशन झेपणारं नाही, त्यांनी तिथे यायचं. डॉक्टर तपासत, कागद तयार करत, मोठ्या हॉस्पिटलांच्या हात धुऊन मागे लागत आणि फुकट ऑपरेशनची तारीख मिळवूनच दम घेत. बारा वर्षांत चारशेवर मुलं अशी मार्गी लागली.

फुकट ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलची एक अट होती. मूल आठ किलोंचं हवं, काहींच्या बाबतीत दहा. त्याहून लहान मुलांसाठी दुसरीकडे शब्द टाकावा लागे, पत्रं लिहावी लागत, पण तेही होत असे. डॉक्टर मात्र आईला एवढंच सांगत, "आठ किलोंचं झालं की आणा," आणि पुढची फाइल उघडत.

बाकीचं सगळं मोठ्या सिस्टरांकडे होतं. या सिस्टर नोकरीपासून त्यांच्याबरोबर. तपासणी झाली की प्रत्येक आईला त्या फाटकापर्यंत सोडायला जात. पाचपाच, दहादहा मिनिटं परत येत नसत. डॉक्टरांना वाटे, बाई पाय मोकळे करतायत.

"सिस्टर, फाटक पळून चाललेलं नाही," ते म्हणत.

"फाटक नाही हो, बाई पळते," सिस्टर म्हणत. "तुमचं बोलणं ऐकून."

मग सिस्टरांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांची लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नवीन माणूस ठेवलं नाही. मुलाच्या छातीवर यंत्राचा दांडा फिरवताना ते सवयीने मोठ्याने बोलत, "भोक अकरा मिलिमीटर. डावा कप्पा फुगलेला." पूर्वी पाठीमागे पेनाचा आवाज यायचा. आता बोलून झालं की खोली गप्प असे. मग ते हाताला लागलेली जेल पुसत आणि स्वतःच लिहून काढत. कधी कधी तोवर आकडा विसरत आणि मुलाला पुन्हा झोपवत.

एके दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन आला. इकडचंतिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या ढब्बीचं ऑपरेशन झालं का हो?"

ढब्बी म्हणजे काडीसारखी एक मुलगी. अंग धरावं म्हणून घरच्यांनी मुद्दाम ठेवलेलं नाव. सिस्टर जायच्या आधीच्या आठवड्यात आली होती, तेव्हा नऊ महिन्यांची.

डॉक्टरांनी फाइल काढली. "नाही. आलीच नाही परत. आठ किलो झाली नसेल."

"किती महिने झाले?"

"सात."

"त्या दिवशी माझे गुडघे धरले होते. मी फाटकापर्यंत गेले नव्हते. तिच्या आईला तुम्ही सांगितलंत ना?"

"काय?"

"अहो, तीन महिन्यांत वजन वाढलं नाही तर आहे तशी घेऊन ये, हे! मी प्रत्येकीला सांगायचे. तुम्हाला काय वाटलं, मी फाटकाशी गप्पा छाटत होते?"

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि यंत्राची छोटी पेटी गाडीत टाकली. अशा मुलांचं वजन का वाढत नाही, हे त्यांनी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. भोकातून फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त लोटलं जातं, फुप्फुसांतल्या नळ्या हळूहळू कडक होतात. एकदा त्या पार कडक झाल्या की भोक बुजवता येत नाही. मग कुणालाच काही करता येत नाही. ढब्बी आता सोळा महिन्यांची होती.

पत्ता गावाबाहेरच्या वस्तीतला निघाला. एकच खोली, तिला पत्र्याचं दार. आईने दार उघडलं आणि डॉक्टरांना बघून तिचा चेहरा पडला.

"डॉक्टरसाहेब, अजून नाही हो झाली. सहाच आहे. आणखी दोन महिने द्या, पण यादीतून नाव काढू नका."

भिंतीवर कॅलेंडर होतं. दर शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडे लिहिलेले. पाच नऊशे. सहा. सहा शंभर. सहा. किराणा दुकानदाराच्या काट्यावर ती दर आठवड्याला पोरीला तोलून आणत होती.

"हिच्या पोटात जातं तरी कुठं, कुणास ठाऊक," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकाने या वयात खाट मोडली होती. मी हिला म्हणते, भरवायलासुद्धा हात लागतो."

आई खाली बघत राहिली. हे तिने रोज ऐकलं असणार.

ढब्बी मांडीवर दूध पीत होती. दोन घोट घेई, थांबे, धापा टाकी. कपाळावर घामाचे थेंब. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. सात महिन्यांपूर्वी हृदयाचा जो खरखरीत आवाज खोलीभर ऐकू येईल असा होता, तो मंद झाला होता. न जाणणाऱ्याला वाटलं असतं, बरं होतंय. पण फुप्फुसांतला दाब वाढला की आवाज असाच मंद होतो. त्यांनी पेटी उघडली, खाटेवरच यंत्र लावलं. दाब त्यांना भीती होती तेवढाच निघाला.

"ताई, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"तुमची कशी? खात नाही ती पोर माझी."

"ही पोर दिवसरात्र पळतेय. झोपेतसुद्धा. नुसता श्वास घ्यायला तिला पळावं लागतं. पळणाऱ्याच्या अंगाला काय लागणार? तुम्ही कितीही भरवलंत तरी ऑपरेशनशिवाय तिचं वजन वाढणार नव्हतं. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

इतकं सलग बोलून त्यांना स्वतःलाच धाप लागली.

"मग इतके महिने मी काय करत होते?" आईने विचारलं.

सासूबाईंनी पुढे होऊन ढब्बीला आपल्या मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी गाडीतूनच मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनला फोन लावला. तो त्यांचा जुना विद्यार्थी.

"सर, सहा किलो, आणि दाब एवढा? इतके दिवस आईबाप झोपले होते का?"

"आईबाप नाही. मी."

"आजच भरती करा. ऑक्सिजन देऊन दाब उतरतो का बघू. उतरला तर ऑपरेशनला घेतो. नाही उतरला तर, सर, तुम्हाला माहीतच आहे."

दाब उतरला, पण थोडाच. "अगदी काठावर आहे," सर्जन म्हणाला. "घेतो."

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चारशे मुलं त्यांनी ऑपरेशनला पाठवली, पण या बाकावर ते कधी बसले नव्हते. बाक अरुंद होता, पाठ टेकायची सोय नव्हती. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमचं कोण आत?" "पेशंट," ते म्हणाले. तो माणूस जरा सरकून बसला.

सहा तासांनी सर्जन बाहेर आला. "भोक बुजवलं. दाब खाली येतोय. अजून दोन महिने गेले असते तर मी हात लावला नसता."

आईने ते ऐकलं. आत जाताना तिने वळून डॉक्टरांकडे पाहिलं. आभार मानले नाहीत. डॉक्टर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट उघडलं. सिस्टर गेल्यानंतर वजनाची अट सांगून परत पाठवलेली आणखी सात मुलं होती. ते टेबलाशी बसले आणि फोन लावू लागले. आधी कागदावर काय बोलायचं ते लिहून घेतलं. पाचजणांना तेच वाचून दाखवलं. एक आजी म्हणाली, "आता कशाला सांगताय? उद्याच आणते, गाडीभाडं जमवलंय कधीचं." एका बापाने दोनदा विचारलं, "खरंच आहे तसा आणू ना?"

सहावा फोन एका पुरुषाने उचलला.

"हां, डॉक्टर. ओळखलं. दहा किलो म्हणाला होतात तुम्ही." तो म्हणाला. "साडेआठपर्यंत आला होता."

डॉक्टरांचं बोट कागदावरच्या पहिल्या ओळीवर होतं.

"दीड महिना झाला त्याला जाऊन," तो माणूस म्हणाला. "तुम्ही आठवणीने फोन केलात. हल्ली कुणी विचारतही नाही."

तेवढ्यावर ठेवता आलं असतं. तो माणूस उलट त्यांचे आभार मानत होता. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला.

"वजनाची वाट बघायला नको होती," ते म्हणाले. "वाढत नाही म्हटल्यावर लगेच आणायला हवं होतं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती. डॉक्टर फोन कानाला लावून बसले. तो शिव्या देईल, निदान ओरडेल, याची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडून फोन ठेवला गेला.

डॉक्टरांनी सातवी फाइल जवळ ओढली आणि नंबर लावला.