ठोकेमामांचं वठलेलं झाड

बागेच्या मुकादमांना सगळे ठोकेमामा म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लाकडी हातोडा घेऊन ते एकेक झाड ठोकून बघायचे. टणक आवाज आला की झाड धडधाकट, पोकळ आला की आत कीड. माणूस तसा तिरसट. गवतात कागद टाकणाऱ्याला फैलावर घेईल, पण वाटेत बेडूक आला तर स्वतः थांबून राहील.

अकरा वर्षांपूर्वी बाग नव्याने करायची ठरली, तेव्हा मामांनी इंजिनिअरच्या नाकी नऊ आणले होते. तळ्याला सरळ भिंत बांधणार होते, मामांनी एक काठ उतरता ठेवायला लावला, म्हणजे पडलेल्या जिवाला वर तरी येता येईल. मागचा कोपरा न कापलेल्या गवताला सोडायला लावला. त्याच कोपऱ्यातलं वठलेलं झाडही वाचवलं, कारण त्याच्या ढोलीत पिंगळे राहत, ती मुठीएवढी घुबडं. बागखात्याच्या साहेबांनी बजावलं, झाडाची जबाबदारी तुमची. मामांनी ती हसत घेतली. तेव्हा हसू येत होतं.

त्यांचा एक नियम होता. ढोलीत पिल्लं असली की त्या झाडाला हातोडा लावायचा नाही आणि जवळ फिरकायचंही नाही, पाखरं बुजतात. मात्र तेवढे दिवस भोवती दोरी बांधायची आणि खालचा बाक उचलून ठेवायचा.

यंदा बाक उचलला गेला नाही. त्यावर सहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ बसणाऱ्या मास्तरीणबाईंनी गळ घातली. शाळेतून निवृत्त झालेल्या, जाड भिंगाचा चष्मा, घरात दिवसभर एकट्या. "मला तिथूनच पिल्लं दिसतात हो," त्या म्हणाल्या. कुणाच्या बापाचं न ऐकणारे मामा विरघळले. दोरी खोलीत पडून राहिली. संध्याकाळी घरी जाताना बाई फाटकाशी थांबून सांगत, "आज दोघंही दिसली." त्या भरवशावर मामांनी दोन सोमवार ते झाड ठोकलं नाही.

एका गुरुवारी सकाळी, वाऱ्याची झुळूकही नसताना, फांदी मोडली. बाई बाकावरच होत्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना बोलावलं. बाईंचा मुलगा भेटायला येणार होता. साहेबांनी हलक्या आवाजात समजावलं की, तपासलं होतं, आवाज चांगला होता, एवढंच सांगा. झाडाच्या पोटात कोण शिरून बघतंय? नाहीतर तुमचं बघून शहरातल्या बागांमध्ये राखलेली तेवीसच्या तेवीस वठलेली झाडं जातील आणि तुमची नोकरीही. साहेब वाईट नव्हते, त्यांचाही त्या झाडांवर जीव बसला होता.

मुलगा आला, बसलाही नाही. "झाड तपासलं होतं का?"

मामांनी एकदा साहेबांकडे पाहिलं. "नाही. दोन महिने नाही. बाक हलवायला हवा होता, तोही हलवला नाही."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

वठलेली झाडं तोडायचा हुकूम आठवड्यातच निघाला. मामांना घरी बसवलं होतं, तरी झाड तोडायच्या दिवशी ते हजर झाले. करवत लावण्याआधी पिल्लं उतरवा, म्हणून त्यांनी तोडणाऱ्याचे पाय धरले. तो शिडी लावून चढला. ढोलीच्या तोंडावर कोळिष्टक होतं, धुळीने जाड झालेलं. ते बाजूला सारून त्याने आत हात घातला. चार वाळकी पिसं आणि उंदरांची हाडं.

पिल्लं कधीच उडून गेली होती. बाईंना त्या चष्म्यातून काय दिसत होतं, देव जाणे. पाखरं बुजू नयेत म्हणून मामांनी स्वतः एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

झाड आडवं झाल्यावर त्यांनी फांदी तुटली होती तिथे हातोडा मारला. भद्द आवाज आला. लहान मुलानेही ओळखला असता. मामा तिथेच गवतात बसले.

बाईंचा मुलगा उशिरा आला. खोडाकडे बघत म्हणाला, "आई रोज फोनवर सांगायची, आज दोघंही दिसली. काय झालं त्यांचं?"

तोडणारा शिडी आवरता आवरता थांबला.

"कालच उडाली," मामा म्हणाले. "त्या दिवशी होती. दोघंही होती."