सुदामच्या घरचं पाणी

तार मीच वाचली. टेंभुर्णीच्या पोस्टातून माणूस आला तेव्हा सुदामची आई, गयामाय, दारात ज्वारी पाखडत होती. मी शेजारचा, शाळामास्तर. आमच्या वस्तीत आलेला कागद आधी माझ्याच हातात येतो. सुदाम लढाईत कामी आला, एवढाच त्या इंग्रजी ओळींचा अर्थ... तेवीस वर्षांचा होता. आज दीड महिना झाला. लोक विचारतात, मास्तर, तुम्ही रडत का नाही? मला राग आलाय, म्हणून.

सुदाम आणि मी एका वर्गात शिकलो. हट्टी म्हणजे हट्टी! पहिल्या सुट्टीत तो वर्दीवर गावातल्या हॉटेलात शिरला, तर मालकानं बाकडं पुसून आतल्या कपात चहा दिला. आम्हा बौद्धांच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात. पिऊन आपणच विसळून ठेवायच्या. सुदाम घरी गेला, वर्दी उतरवली आणि लुंगी-बनियनवर परत आला. "शेठ, अजून एक." मालकानं कोनाड्याकडं बोट केलं. सुदाम हसला. "मंग मघाशी चहा कुणाला पाजला? कपड्याला?" आणि बसला की त्याच बाकड्यावर, दिवस मावळेपर्यंत. चहा मिळाला नाही, पण कुणी उठवूही शकलं नाही. मी बाहेर कोनाड्यापाशीच उभा होतो. लिहायला लाज वाटते, पण उभा होतो.

तो गेल्यावर गावाला त्याचा अभिमान सुचला. देवळाच्या पारावर शोकसभा घेतो, फोटो पाठवा, असा सरपंचांचा निरोप आला. गयामाय म्हणाली, "जित्तेपणी त्याला पारावर बसू दिलं का? मंग फोटो बी बसणार न्हाई. सभा घ्यायची तर माझ्या दारात." मी समजवायला गेलो, "माय, कशाला ताणतीस? याच गावात राहायचंय." तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी तिचा निरोप सरपंचांना पोचवला.

शेवटी आले. सरपंच आणि आठ जण आमच्या जाजमावर बसले. सुदामनं गावाचं नाव काढलं, वगैरे बोलून झालं. मग गयामायनं पेला भरून सरपंचांपुढं धरला. त्यांनी हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या गयाबाई. सुतकाच्या घरचं पाणी घेत न्हाईत."

एरवी 'गये' म्हणणारा माणूस!

"सुतक आमच्यात न्हाई," गयामाय म्हणाली. "छप्पन साली धर्म बदलला, तवाच सोडलं. घ्या."

कुणी हललं नाही. तिचा हातही हलला नाही.

"माझ्या लेकाचं रक्त चाललं तुम्हाला. पाणी बी चालंल."

सरपंचांनी पेला घेतला आणि वरून धार सोडायला उंच धरला.

"लावून प्या," ती म्हणाली.

ते ओठ लावून प्याले. गयामायनं तो पेला विसळला नाही. तसाच पुन्हा भरला आणि शेजारच्यापुढं धरला. अजून आठ जण बसलेले होते.