बास्केटबॉलच्या बाईंचा बेत

मी कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे असं सांगितलं की लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात, मग पायांकडे, आणि मधल्या अंतराचा अंदाज घेऊन गालातल्या गालात हसतात. नातवंडं तर तोंडावर हसतात. मी चिडते. चिडणं हा माझा जुना स्वभाव आहे आणि त्याचा मला आयुष्यात फायदाच झाला आहे. पण उंचीबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझ्या उंचीच्या मुलीला त्या खेळात उभं करायला दुसऱ्या कुणाचं तरी डोकं लागतं, आणि ते डोकं आमच्या बाईंचं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी बाभुळगावची, शेतकऱ्याची मुलगी, यवतमाळला मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेज करायचे. कॉलेजच्या मागे मुरमाचं मैदान आणि मैदानाच्या पलीकडे कापसाची सरकी काढायचं जिन. हंगामात तिथल्या रुईचे पुंजके उडत यायचे आणि आमच्या वेण्यांत अडकायचे. त्या मैदानावर दोन खांब, दोन फळ्या आणि दोन रिंगा लावून कुणीतरी बास्केटबॉलची सोय केली होती. शिकवायला मुलांचेच ड्रिलमास्तर. ते आमच्याकडे बॉल फेकायचे, "खेळा, पोरींनो" म्हणायचे आणि लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे. आम्ही खेळायचो म्हणजे घोळक्याने बॉलच्या मागे धावायचो.

मग नागपूरहून बाई आल्या. वय तिशीच्या आत-बाहेर, पांढरा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. यवतमाळात तोवर शिट्टी फक्त पोलिसाच्या आणि कंडक्टरच्या तोंडात पाहिली होती. बाईंच्या गळ्यात ती दागिन्यासारखी दिसत होती. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची नावं विचारली आणि दुसऱ्या दिवशी सगळी विसरून गेल्या. त्याऐवजी गावाच्या नावाने हाक मारू लागल्या. मी झाले बाभुळगाव. माझी खोलीतली मैत्रीण आर्णीजवळच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची, तिच्या तांड्यातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. ती झाली आर्णी. संघातल्या उरलेल्या तिघी यवतमाळच्याच, म्हणून त्यांना मोहल्ल्यांची नावं मिळाली.

बाईंची नेमणूक एका वर्षापुरती होती. हे आम्हाला कळायला नको होतं, पण प्राचार्यांचा आवाज मोठा आणि खिडकी उघडी. मी आणि आर्णी सामानाच्या खोलीची किल्ली मागायला व्हरांड्यात उभ्या होतो. आत प्राचार्य सांगत होते, "अमरावतीच्या स्पर्धेत मुली दिसण्यासारख्या खेळल्या तर पुढचं पाहू. तिथं हसं झालं तर मुलींसाठी वेगळी बाई ठेवण्यात अर्थ नाही." बाई फक्त "बरं, सर" म्हणाल्या. नागपूरला त्यांची आई आणि शिकणारा भाऊ होता आणि घर त्यांच्याच पगारावर चालायचं, हे वसतिगृहाच्या मेट्रनने आम्हाला नंतर सांगितलं. आर्णी त्या रात्री जेवली नाही. "बाईची नोकरी आपल्या हातात देल्ली लेकाच्यायनं," ती म्हणाली, आणि प्राचार्यांना तिच्या बोलीत असं काही म्हणाली की त्याचा अर्थ मी विचारला नाही.

बाईंनी मात्र आमच्यासमोर त्यातलं काही काढलं नाही. मैदानाच्या मधोमध आम्हाला बसवून त्यांनी आपला बेत सांगितला. प्रशिक्षणात त्या जे शिकून आल्या होत्या तेच आम्हाला द्यायचं. आधी बॉल टप्पे देत नेणं, मग वळणं, मग रिंगेत टाकणं. उंच मुलगी रिंगेखाली, बाकीच्या आपापल्या जागी. "जो जहाँ है वहीं रहेगा," त्या म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या. मला तर फार आवडलं. इतकं शहरी, इतकं शिस्तीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो बेत दोन दिवस टिकला. एक तर मुरमावर बॉल टप्पा घेतला की खड्याला लागून भलतीकडे जायचा. नागपूरच्या सिमेंटवर जे सरळ उडतं ते आमच्याकडे वाकडंच उडायचं. पण खरा घोळ दुसराच होता. आम्ही पाचही जणी शाळेपासून खो-खो खेळलेल्या. आर्णी तर तालुक्याला गाजलेली. तिने माझ्याकडे बॉल फेकला, मोठ्याने "खो!" ओरडली आणि तडक पळत येऊन माझ्या जागेवर उकिडवी बसली. मीही खो मिळाल्यासारखी बॉल घेऊन पुढे धावले. समोरच्या दुसऱ्या मुलीकडे बॉल टाकला, तोंडातून आपोआप "खो!" निघालं, आणि मीही तिच्या जागेवर जाऊन बसले. खो दिला की जिला दिला तिच्या जागेवर बसायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. भिंतीवर बसलेली मुलं हसून हसून खाली पडायची बाकी राहिली. ड्रिलमास्तरांनी पेपर खाली ठेवला.

मला वाटलं, आता बाई शिट्टी फुंकून आमची खरडपट्टी काढणार. बाईंनी शिट्टी तोंडात धरली खरी, पण फुंकली नाही.

"आर्णी, तू तिच्या जागेवर काहून गेली?"

"खो देल्ला ना बाई मी. मंग तिच्या जागी बसा लागते."

"आणि वळून मागे का नाही आली?"

"खो-खोत मांगं नाई वळत, बाई. एक बार दिशा धरली तं धरली."

बाईंनी बॉल उचलून आर्णीच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "पुन्हा करा. फक्त बसू नका. बाकी सगळं तसंच."

आम्ही पुन्हा केलं. बॉल दिला, "खो!" म्हटलं, जिला दिला तिच्या जागेवर धावलो, ती पुढे धावली. बाई मैदानाभोवती फिरत बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितलं की त्यांचा बेत रद्द झाला आहे आणि आता आमचा बेत सुरू. टप्पे देणं जवळपास बंद, कारण मैदान त्या लायकीचं नाही. बॉल हातातून हातात जाईल. जिने दिला ती जिला दिला तिची जागा घेईल. एकही मुलगी एका जागी उभी राहणार नाही. "समोरची मुलगी तुम्हाला धरून उभी राहणार ना? धरू दे. ती धरेपर्यंत तुम्ही तिथं नसाल."

मी भडकले. मला नागपूरचा खेळ हवा होता, आणि बाई आम्हाला परत बाभुळगावच्या शाळेच्या पटांगणावर नेऊन बसवत होत्या. मी म्हणाले, "बाई, अमरावतीले लोकं हसतीन ना आमाले."

"हसू दे. हसणारा माणूस पळत नाही."

"अन् खो तरी नका म्हणू देऊ."

"खो म्हटलं नाही तर तुमचे पाय हलतच नाहीत. मी पाहिलं आहे."

हे खरं होतं. एक दिवस त्यांनी आम्हाला तोंड बंद ठेवून खेळायला लावलं होतं, आणि बॉल दिल्यावर आम्ही पाचही जणी पुतळ्यांसारख्या उभ्या. शब्द तोंडातून निघाला की पाय सुटायचे. बाईंना हे दिसलं आणि त्यांनी ते मान्य केलं, याचं मला आज जेवढं कौतुक वाटतं तेवढं तेव्हा वाटलं नाही. शिकून आलेली गोष्ट बाजूला ठेवायला मोठं मन लागतं. मी पुढे स्वतः शिक्षिका झाले आणि मला ते फार थोड्या वेळा जमलं.

माझ्या ठेंगणेपणाचाही त्यांनी उपयोग काढला. "बाभुळगाव, तू उंच मुलींच्या कोपरांच्या खालून जाते. तिकडं कोणी बघतच नाही." सकाळी थंडीत आम्ही धावायचो, संध्याकाळी खो द्यायचो. बाई आमच्याबरोबर धावायच्या, धापा टाकायच्या, पण थांबायच्या नाहीत. एकीच्या घरून खेळताना पंजाबी ड्रेस घालायला नकार आला तर बाई स्वतः तिच्या घरी गेल्या, तिच्या आजीबरोबर पाटभर शेवया वळल्या आणि परवानगी घेऊन परत आल्या. काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

अमरावतीला जाण्याच्या आधी प्राचार्य एकदा बघायला आले. पाच मिनिटं उभे राहिले. "हे बास्केटबॉल आहे की खो-खो?"

"अमरावतीला बघा, सर," बाई म्हणाल्या.

"येतोच आहे," ते म्हणाले.

अमरावतीच्या मुली उंच होत्या, गोऱ्यापान, बूट-मोजे घातलेल्या, आणि त्यांच्या मैदानाला खरं सिमेंट होतं. आम्ही पहिला खो दिला आणि प्रेक्षकांत हशा पिकला. पंचांनी खेळ थांबवून बाईंना विचारलं, ही ओरडाआरड काय आहे. बाईंनी शांतपणे विचारलं, मुलींनी एकमेकींना हाक मारायची नाही असा नियम कुठं आहे. पंच परत गेले. पण आमचं काहीतरी बिनसलं होतं. आर्णी बॉल सोडेना. हातात आला की रिंगेकडे एकटी धावायची, तिघी तिला घेरायच्या, बॉल जायचा. माझंही तेच. खुर्चीवर प्राचार्य मांडीवर हात ठेवून बसलेले दिसत होते. मध्यंतराला आम्ही बऱ्याच मागे होतो.

बाईंनी आम्हाला पाण्याच्या माठाशी घेतलं. "आर्णी, खो का देत नाही तू?"

आर्णी रडायलाच लागली. "बाई, आमी हरलो तं तुमची नोकरी जाते. आमाले मालूम हाय. मी म्हटलं, मीच टाकतो सारे."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आम्हाला कळलं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मग त्यांनी आर्णीच्या ओढणीच्या टोकाने तिचं नाक पुसलं, चांगलं जोरात.

"नोकरी माझी आहे. ती सांभाळायला मी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं ती डोक्यावर घेऊन पळायला? म्हणूनच पाय उचलत नाहीत तुमचे. ठेवा ती इथं माठापाशी. आणि जाऊन खेळा."

"अन् हरलो तं?"

"हरलो तर हरलो. पण खो देऊन हरा."

मग आम्ही खेळलो. आजही तो खेळ आठवला की माझे तळपाय शिवशिवतात. "खो!" आणि आर्णी माझ्या जागेवर, "खो!" आणि मी तिसरीच्या. अमरावतीची मुलगी मला धरायला यायची आणि तिथं आर्णी उभी असायची, तिच्याकडे वळायची तर बॉल भलत्याच हातात. त्या एकमेकींवर आदळू लागल्या. हसणारे प्रेक्षक आधी गप्प झाले, मग स्वतःच "खो! खो!" ओरडू लागले. आर्णी "याडी! याडी!" करत आईचा धावा करायची आणि रिंगेत बॉल टाकायची. मीही एक टाकला, दोन कोपरांच्या खालून जाऊन. आमची मागे खेळणारी मुलगी पडली तर अमरावतीच्याच बायका चुकचुकल्या.

आम्ही एका बास्केटने हरलो. शेवटचा बॉल रिंगेच्या कडेवर फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली तेव्हा आम्ही पाचही जणी सिमेंटवरच बसलो आणि भोकाड पसरलं. मला स्वतःच्या हरण्याचं काही वाटत नव्हतं. बाईंचं घर डोळ्यांसमोर येत होतं.

प्राचार्य खुर्चीवरून उठून आले. बाई सरळ उभ्या राहिल्या.

"हरलो ना?" ते म्हणाले.

"हो, सर. हरलो." मैदान, माती, उंची, काहीही त्या बोलल्या नाहीत.

प्राचार्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "पुढच्या वर्षी ही स्पर्धा यवतमाळला भरवावी म्हणतो. तुम्हाला जमेल का?"

"जमेल, सर. पण मुरूम चालणार नाही. सिमेंट घालावं लागेल. आणि मुलींना बूट लागतील."

"बघू," प्राचार्य म्हणाले, आणि ज्या अर्थी त्यांनी नाही म्हटलं नाही त्या अर्थी ते होच होतं. आर्णीने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली.

प्राचार्य फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या. आमच्या शेजारी धपकन सिमेंटवर बसल्या, गुडघ्यांत तोंड घातलं आणि रडल्या. आम्ही पाचही जणींनी त्यांना धरलं. मैदान रिकामं झालं तरी त्यांना उठता येईना.